हळदीवरचा करपा : पान पाहा, गड्डा वाचवा

श्रावणात हळदीचा फड मोठा देखणा दिसतो. कर्दळीसारखी रुंद, तुकतुकीत पाने कमरेपर्यंत आलेली असतात, सऱ्या झाकून गेलेल्या असतात आणि बांधावरून पाहणाऱ्याला सगळीकडे हिरवेगार दिसते. शेतकऱ्याच्या मनाला समाधान वाटते. पण नेमक्या याच दिवसांत, वरच्या पानांच्या आड, मातीलगतच्या जुन्या पानांवर एक रोग हळूच पाय रोवत असतो. त्याला आपण करपा म्हणतो.

या रोगाची खोड अशी की तो बांधावरून दिसत नाही. बांधावरून दिसू लागतो तेव्हा फड तांबूस पडलेला असतो. आणि त्याने नेमके किती नेले हे तर त्याहूनही उशिरा, माघ-फाल्गुनात खोदणी झाल्यावर कळते. कुदळीखाली गड्डे निघतात, पण हळकुंडे बोटाएवढी बारीक. मग कोणी बेण्याला दोष देतो, कोणी खताला, कोणी नशिबाला. खरा चोर ऑगस्ट-सप्टेंबरातच येऊन गेलेला असतो. तो वेळीच कसा ओळखावा आणि त्याला कसा आवरावा, हे या लेखात पाहू.

पान हीच गड्ड्याची चूल

हळद आपण विकतो ती जमिनीखालची. पण ती तयार होते जमिनीवर. सूर्याच्या उन्हात पान अन्न शिजवते आणि ते अन्न खाली गड्ड्यात साठते. पान म्हणजे गड्ड्याची चूल. चूल विझली की कोठार रिकामे राहणारच.

मे महिन्याच्या मध्याला लावलेल्या हळदीचा हिशेब मांडून पाहा. पहिले साधारण ४५ दिवस उगवणीत जातात. पुढे १५० दिवसांपर्यंत, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, पाने आणि फुटवे वाढतात. १५० ते २१० दिवसांत हळकुंडे फुटतात, आणि त्यानंतर काढणीपर्यंत ती भरतात. म्हणजे झाडाला पानांची खरी गरज लागते ती ऑक्टोबरनंतर. करपा मात्र त्याच्या आधीच पाने खाऊन बसतो. स्वयंपाकाची वेळ व्हावी आणि त्याच वेळी घरातले सरपण संपावे, तसा हा प्रकार आहे. रोगाचा जोर मोठा असेल तर निम्म्याहून अधिक उत्पादन घटल्याच्या नोंदी आहेत.

हळदीला एकरी सुमारे १० क्विंटल बेणे लागते. बेणे, शेणखत, भरणी, खोदणी, शिजवणी असा एवढा खर्च नऊ महिने जमिनीत अडकवून ठेवणाऱ्याने पानाकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही.

करपा एक नव्हे, दोन

गावात आपण दोन वेगळ्या रोगांना सरसकट करपाच म्हणतो. दोन्ही बुरशीमुळे होतात, पण त्यांची बुरशी वेगळी, येण्याची वेळ वेगळी आणि खूणही वेगळी आहे.

पहिला रोग मोठ्या ठिपक्यांचा. याची बुरशी कोलेटोट्रिकम नावाची. हा बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरात, ढगाळ आणि दमट हवेत सुरू होतो. पानावर लांबट, अंडाकृती ठिपके पडतात. आरंभी ते लहान असतात, पुढे वाढून ४-५ सेंटिमीटर लांब होतात. ठिपक्याचा मध्य राखाडी, कडा तपकिरी आणि कडेभोवती पिवळे वलय असते. हे पान सूर्याकडे धरून पाहावे. ठिपक्यात एकात एक वर्तुळे दिसतील. राखाडी भाग बारकाईने पाहिला तर मोहरीहूनही बारीक काळे कण दिसतात. ते बुरशीच्या बीजांचे घरटेच म्हणा ना. जुना ठिपका वाळून पातळ होतो आणि फाटतो. ठिपके एकमेकांत मिसळले की सगळे पान वाळून लोंबते.

दुसरा रोग बारीक ठिपक्यांचा. याची बुरशी टॅफ्रिना. बिहारमधील पुसा येथे काम केलेल्या बटलर या शास्त्रज्ञाने १९११ साली तिचे वर्णन केले, म्हणजे हा रोग आपल्याकडे काही काल-परवा आलेला नाही. याचा जोर साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिसतो. पानाच्या दोन्ही बाजूंना बारीक, चौकोनी किंवा वेडेवाकडे ठिपके शेकड्यांनी पडतात. ते आधी मळकट पिवळे असतात, मग गंजासारखे तांबूस आणि शेवटी गर्द तपकिरी होतात. यात राखाडी मध्य नसतो, वर्तुळे नसतात. पान फाटतही नाही. सबंध पान पिवळे पडून भाजल्यासारखे दिसू लागते. फड लांबून तांबूस दिसतो तो बहुधा याच रोगाने.

लक्षात ठेवायची सोपी खूण अशी : ठिपके थोडे पण मोठे, मध्ये राखाडी आणि आत वर्तुळे असतील तर पहिला. ठिपके असंख्य, बारीक आणि तांबूस असतील तर दुसरा. एकाच फडात दोन्ही रोग एकापाठोपाठ येऊ शकतात.

पिवळे दिसले की करपाच, असे नाही

पान पिवळे दिसले की दुकानात धाव घ्यायची आणि मिळेल ते औषध मारायचे, हे बरोबर नाही. आधी पान हातात घ्या.

वरची कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील तर ती लोहाची उणीव. चुनखडीच्या रानात ती नेहमी दिसते. बुरशीनाशकाने ती जाणार नाही.

जुन्या पानांच्या कडाच तेवढ्या वाळत असतील आणि ठिपका एकही नसेल, तर पालाशाची उणीव किंवा पाण्याचा ताण आहे का ते पाहावे.

फुटवा पिवळा पडून सुकतो आहे, ओढला की सहज हातात येतो आणि बुडाशी सडका वास येतो, तर ती कंदकुज. तो जमिनीतला रोग आहे. तिथे पानावर फवारून काही साधत नाही. साचलेले पाणी आधी काढून द्यावे लागते आणि औषध मुळाशी द्यावे लागते.

आणि जानेवारीत सगळा फड एकसारखा पिवळा होऊन वाळू लागला, तर तो रोग नव्हे. पीक पक्व झाले एवढाच त्याचा अर्थ.

रोग येतो कोठून?

बुरशी आकाशातून पडत नाही. ती आपल्याच रानात, आपल्याच हाताने वर्षभर सांभाळली जाते. मोठ्या ठिपक्यांची बुरशी गड्ड्यावरच्या वाळक्या सालपटांतून, म्हणजे बेण्याबरोबर, नव्या रानात जाते. बारीक ठिपक्यांची बुरशी रानात राहिलेल्या वाळक्या पाल्यात उन्हाळा काढते. पावसाळ्यात हवा दमट झाली की ती जागी होते आणि सर्वांत आधी मातीलगतची पाने धरते. तिथून पुढे वारा, पावसाचे उडणारे थेंब आणि ओल्या फडात फिरणारे आपले पाय व कपडे तिला पानापानावर पोचवतात.

पान जितका वेळ ओले, तितकी बुरशीची चंगळ. म्हणून दाट लावण, तणाने भरलेल्या सऱ्या, नत्राचा अतिरेक आणि सायंकाळी तुषार सिंचन या गोष्टी करप्याला आमंत्रण देतात. ठिबकवरच्या फडात पाने कोरडी राहतात, हा ठिबकचा आणखी एक लाभ.

येथे आंतरपिकाविषयीही सांगितले पाहिजे. हळदीत मिरचीची रोपे लावण्याची अनेक घरांत पद्धत आहे. घरखर्चाला चार पैसे होतात. परंतु मिरचीची फळे सडवणारी आणि फांद्या वाळवणारी बुरशी याच कोलेटोट्रिकम कुळातली आहे. ज्या रानात दरवर्षी मोठ्या ठिपक्यांचा करपा येतो, तिथे मिरची घेऊ नये आणि मिरचीच्या मागे लगेच हळदही लावू नये.

औषधाआधीचे काम

करप्याच्या बाबतीत सर्वांत स्वस्त आणि गुणकारी उपाय म्हणजे डोळा आणि हात. आश्लेषा नक्षत्र लागले की, म्हणजे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापासून, आठवड्यातून एकदा फडात शिरून खालची पाने पाहावीत. बांधाजवळच्या दोन सऱ्या पाहून परतू नये. मधोमध, सखल भागात आणि झाडाच्या सावलीत हमखास पाहावे. रोग तिथेच आधी येतो.

हे काम घरातल्या बायकांच्या नजरेला लवकर साधते, असा खेड्यापाड्यांतला अनुभव आहे. भांगलण करताना त्या वाकलेल्याच असतात आणि खालचे पान त्यांच्या डोळ्यांसमोर असते. पण त्यांना ठिपका ओळखायला कोणी दाखवलेले नसते, आणि दिसला तरी कोणी विचारलेले नसते. घरधन्याने एक रोगट पान घरी आणून सर्वांना दाखवावे. घरातल्या शाळकरी मुलांनाही उन्हाकडे धरून वर्तुळे पाहू द्यावीत. मग फडावर एका माणसाच्या दोन डोळ्यांऐवजी दहा डोळे राहतात.

पहिली ठिपक्यांची पाने दिसली की ती देठाजवळ कापून घ्यावीत. हे काम पाने कोरडी असताना, दव उडाल्यावर करावे. कापलेली पाने उघडी ओढत नेऊ नयेत, पोत्यात भरून फडाबाहेर काढावीत. ती बांधावर टाकून दिली तर वाऱ्याने रोग परत फडात येणार. ती जाळावीत, किंवा दूर खड्ड्यात घालून मातीने झाकावीत. त्या खड्ड्यातले खत हळदीच्या रानात परत टाकू नये. मात्र निरोगी हिरवी पाने कापू नयेत. ती झाडाची चूल आहे, हे विसरू नये.

नत्राचा हप्ता भरणीपर्यंत संपवावा. हेक्टरी २०० किलो नत्र, १०० किलो स्फुरद आणि १०० किलो पालाश अशी सर्वसाधारण शिफारस आहे. माती तपासून तीत कमीजास्त करावे. फड काळाभोर दिसावा म्हणून पुढे युरिया टाकत राहिल्यास पान लुसलुशीत होते आणि बुरशीला ते अधिकच आवडते.

फवारणी : केव्हा आणि किती

आपल्याकडे म्हण आहे, ‘पी हळद अन् हो गोरी.’ फवारणीच्या बाबतीत अनेकांची अपेक्षा अशीच असते. आज औषध मारले की उद्या डाग जावेत. तसे होत नाही. पडलेला ठिपका कोणत्याही औषधाने पुसला जात नाही. औषध रक्षण करते ते अजून निरोगी असलेल्या पानांचे. म्हणूनच फड तांबूस झाल्यावर मारलेले औषध म्हणजे वरातीमागून घोडे.

पहिले ठिपके दिसताच, रोगट पाने काढून झाल्यावर, पहिली फवारणी करावी. मँकोझेब १० लिटर पाण्यात २५ ग्रॅम, या प्रमाणात घ्यावे. १५ लिटरच्या पंपाला सुमारे ३७ ग्रॅम होते आणि २०० लिटरच्या टाकीला ५०० ग्रॅम. हवा ढगाळ राहिली आणि नवीन ठिपके दिसत राहिले तर १५ दिवसांनी दुसरी फवारणी करावी. तीत कार्बेन्डाझिम १० लिटर पाण्यात १० ग्रॅम घेता येते. तेच ते औषध ओळीने प्रत्येक वेळी मारू नये. बुरशी त्याला सरावते आणि मग औषध असून नसल्यासारखे होते.

ज्यांना जुन्या पद्धतीचे बोर्डो मिश्रण घरी करावयाचे आहे, त्यांनी एक टक्क्याचे करावे. १०० ग्रॅम मोरचूद ५ लिटर पाण्यात आणि १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या ५ लिटर पाण्यात भिजवावा. भांडी प्लॅस्टिकची किंवा मातीची घ्यावीत, लोखंडाची नकोत. चुन्याची निवळी गाळून दोन्ही द्रावणे एकत्र ओतत ढवळावे. तयार मिश्रणात लोखंडी सुरी थोडा वेळ बुडवून पाहावी. तिच्यावर तांब्याचा लाल थर चढला तर चुना कमी पडला असे समजून आणखी थोडा घालावा. मिश्रण त्याच दिवशी संपवावे.

हळदीचे पान मेणचट असते. त्यावर पाणी ठरत नाही, घरंगळून जाते. म्हणून द्रावणात चिकटपणा आणणारे द्रव्य जरूर मिसळावे. फवारा वरून नुसता उडवून चालणार नाही. नोझल खालून वर धरून पानाच्या दोन्ही बाजू आणि खालची पाने भिजवावीत. पाऊस उघडलेला, वारा शांत आणि पाने कोरडी असताना फवारावे.

कोणते औषध कोणत्या पिकावर वापरायचे याची सरकारी मान्यता वेळोवेळी बदलते. हळदीच्या मालात औषधाचा अंश किती राहिला हे निर्यातीच्या वेळी तपासतात. म्हणून डब्यावरचे लेबल वाचून घ्यावे आणि कृषी सहायकाला किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून मगच खरेदी करावी. सांगली जिल्ह्यात कसबे डिग्रज येथे राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र हळदीवर काम करते. रोगट पानाचा नमुना घेऊन गेल्यास तज्ज्ञ तो पाहून सांगू शकतात.

घरच्यांनी सांभाळायचे

औषध मोजायला स्वयंपाकघरातला चमचा किंवा वाटी घेऊ नये. त्यासाठी वेगळे माप ठेवून त्यावर तांबड्या रंगाची खूण करावी. फवारताना तोंडाला फडके आणि हातात मोजे असावेत. वाऱ्याच्या दिशेला पाठ ठेवावी. विडी, तंबाखू, पाणी मध्ये घेऊ नये. काम संपल्यावर आंघोळ करावी आणि ते कपडे वेगळे धुवावेत. रिकामे पुडे आणि डबे मुलांच्या हाती पडू देऊ नयेत. उरलेले द्रावण ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये.

आणखी एक गोष्ट कोणी सहसा सांगत नाही. कोकणात आणि गोव्यात नागपंचमी-गणपतीला हळदीच्या पानात पातोळ्या करतात. आता घाटावरही पुष्कळ घरांत त्या होतात. हा सण नेमका फवारणीच्या हंगामात येतो. फवारलेल्या फडातले पान पातोळ्यांना घेऊ नये. नुसते धुऊन औषध सगळे जाते असे समजू नये. परसात, फडापासून दूर, हळदीचे चार-सहा गड्डे स्वतंत्र लावून ठेवावेत आणि त्यांवर काहीच फवारू नये. सणाची पाने तिथूनच घ्यावीत.

काही शंका

फड अर्धा करपला आहे, आता फवारावे का? काढणीला दोन-अडीच महिने असतील आणि वरची तीन-चार पाने निरोगी असतील, तर ती वाचवण्यासाठी फवारणे योग्य. पक्वतेची पिवळसर झाक आली असेल तर खर्च करू नये.

शेजाऱ्याच्या फडात करपा आहे, आपण काय करावे? त्याच्याशी बोलावे. दोघांनी एकाच आठवड्यात पाने काढली आणि फवारणी केली तर दोघांचाही खर्च वाचतो. त्याच्या ओल्या फडातून थेट आपल्या फडात मात्र जाऊ नये.

करपा न येणारी जात आहे का? जातीजातींत रोग कमीअधिक पडतो, पण कोणत्याही जातीवर विसंबून डोळे मिटून बसता येत नाही.

करपलेल्या फडाची हळद खायला चालते का? रोग पानाचा आहे. हळद खराब होत नाही, फक्त हळकुंडे बारीक राहतात आणि वजन कमी भरते.

पुढच्या वर्षाची सुरुवात या वर्षीच्या खुंटीपासून

बेणे निवडायची वेळ खोदणीची, असे आपण मानतो. खरे तर ती वेळ आत्ताची आहे. खोदणीच्या वेळी पाला कापलेला असतो. कोणत्या गड्ड्यावर रोगट पाने होती हे तेव्हा कोणीही सांगू शकत नाही. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरात, पाने उभी असतानाच, फडातला सर्वांत निरोगी तुकडा पाहून ठेवावा आणि त्याच्या चारी कोपऱ्यांवर खुंट्या ठोकाव्यात. बेणे त्याच तुकड्यातले राखावे. जेठे गड्डे घ्यावेत, टणक आणि साधारण ५० ग्रॅम वजनाचे. बेणे विकत घ्यायचे असेल तर खोदलेला ढीग पाहून सौदा करू नये. दिवाळीच्या सुमारास विकणाऱ्याच्या उभ्या फडात जाऊन पाने पाहून यावे.

खोदणी झाली की रानातला पाला गोळा करून काढावा. त्या रानात पुढच्या वर्षी परत हळद घेऊ नये. ऊस, सोयाबीन, गहू, हरभरा यांसारखे पीक घ्यावे. लावणीआधी बेण्याची वाळकी सालपटे आणि मुळ्या काढून ते मँकोझेबच्या द्रावणात, १० लिटर पाण्याला ३० ग्रॅम या प्रमाणात, अर्धा तास बुडवावे आणि सावलीत सुकवावे. लावताना रुंद वरंब्यावर दोन ओळींत व दोन गड्ड्यांत एक-एक फूट अंतर राखावे, म्हणजे वारा खेळता राहतो.

एवढ्या सगळ्यात पैशाचे काम थोडे आणि लक्ष देण्याचे काम जास्त आहे. या आठवड्यात फडात जाताना एक विळा, एक पोते आणि चार खुंट्या बरोबर न्याव्यात. खाली वाकावे, मातीलगतचे पान उलटून पाहावे आणि ठिपका दिसला तर ते उन्हाकडे धरावे. पुढे काय करायचे ते त्या पानावरूनच कळेल.